पहिली झडती हरलेल्याची

माझी भाची उर्वशी राक्षस बनवत नव्हती, हे आधी सांगते. गावात अजूनही कोणी ना कोणी विचारतं, "तुमची पोट्टी फोनातले राक्षस करते ना व?" आणि माझं डोकं तापतं. तिनं शाळा बनवल्या होत्या. दोन. राक्षस दुसऱ्यांनी केले, आणि कोणाचे केले ते पुढे येईलच.

उर्वशी माझ्या भावाची, केशवरावाची, एकुलती एक मुलगी. आमचं गाव मध्य प्रदेशातलं, पण मराठी बोलणारं, सौंसरहून लोधीखेड्याकडे जाताना आत पडतं. गावाच्या दोन आळ्या, वरची आणि खालची. माहेर माझं खालच्या आळीत, आणि दिलं मला वरच्या आळीत. म्हणजे भांडण पेटलं की एका कानात माहेर, एका कानात सासर. या दोन आळ्यांचं खरं वैर वर्षातून एकाच दिवशी निघतं, पोळ्याला. पांढुर्ण्यात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नदीत गोटे चालतात. आमच्याकडे पोळ्याच्या दिवशी तोंडं चालतात. तोरणाखाली बैल उभे राहिले की एका आळीचा माणूस झडती म्हणतो, म्हणजे चार ओळींचा यमकाचा टोमणाच, आणि सगळे ओरडतात, "हर बोला हर हर महादेव!" मग दुसऱ्या आळीनं उत्तर द्यायचं. ज्या आळीला उत्तर सुचलं नाही ती हरली. पण हरलेल्या आळीला एक मान आहे. पुढच्या वर्षी पहिली झडती तिचीच. ती म्हटल्याशिवाय तोरण तुटत नाही आणि कोणाचाच बैल जागचा हलत नाही.

खालच्या आळीची झडती माझा भाऊ म्हणायचा. बाया तोरणाखाली जात नाहीत, आम्ही धाब्यावरून, म्हणजे घराच्या मातीच्या छतावरून ऐकतो. लहानपणी उर्वशी माझ्या मांडीवर बसून वरच्या आळीच्या झडतीला बापाच्या आधी उत्तर पुटपुटायची. माझ्या मांडीवर, माझ्याच सासरच्या धाब्यावर बसून माझ्या सासरला शिव्या. मी तिच्या तोंडात शेंगदाणे कोंबायची.

गावातल्या मराठी शाळेत शिकली, मग सौंसरला. कॉलेजात हिंदी आली, आणि तिथल्या पोरी हिला "मराठी मीडियम" म्हणून हाक मारायच्या, जसं काही ते आडनाव आहे. ही ओरडायची नाही. घरी येऊन त्यांच्यावर झडत्या रचायची. पुढे नागपूरला कसलासा कोर्स केला आणि पुण्याच्या एका कंपनीत लागली. कंपनी फोनवरचे खेळ बनवते. काम घरूनच, खेळातल्या जगाची गोष्ट लिहायची. घरात रेंज नाही म्हणून ही संत्र्याच्या बागेच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, खाट टाकून बसायची आणि मोहाच्या झाडाला चार्जरची वायर लटकायची. भाऊ विचारायचा, "बाई, तू झाडाले सलाइन लावून राहिली का?"

तिनं अख्खा देश मनातून काढला. नाव ठेवलं कन्हारदेश. काळ्या जमिनीला आमच्याकडे कन्हार म्हणतात, त्यावरून. त्यात टेकडीवर लेखनमठ आणि नदीकाठी मुखमठ. दोन्हीकडे मंत्रविद्या शिकवतात, पण रीत एकमेकांच्या उलटी. लेखनमठाचे विद्यार्थी तांब्याच्या पानावर मंत्र लिहितात आणि लिहिलेलं खरं होतं. पूल लिहिला की नदीवर पूल उभा. मात्र पान ओलं झालं की पूलही विरघळतो. त्यांची बोटं शाईनं निळी असतात आणि विद्या पुरी होईस्तोवर त्यांना बोलायची बंदी. मुखमठात कागदाचा तुकडा सापडला तर हाकलून देतात. तिथे जिभेवर गुळाचा खडा ठेवून मंत्र म्हणायचा, तोही समोर कोणी असेल तरच. समोरून उत्तर आलं नाही तर मंत्र तोंडातच वाळतो. म्हणजे मुखमठाला वैरी लागतोच. वैरी नसला तर सगळी विद्या वाया.

दोघं एकमेकांना चोर म्हणतात, आणि आहेतही चोर. लेखनमठाची पोरं पुलाखाली लपून मुखमठाचं बोलणं उतरवून घेतात. मुखमठाच्या बाया भाजी विकायला टेकडी चढतात आणि अख्खा ग्रंथ पाठ करून उतरतात. मी भाकरी थापता थापता विचारायची, "मग काय झालं?" मला ते खोटं वाटायचंच नाही. मी रोज सकाळी पोथीचा एक अध्याय वाचते. पोथी लिहिलेली असते, पण देवापुढे ती तोंडानंच वाचावी लागते, मनातल्या मनात वाचून माझं समाधान होत नाही. दोन्ही मठ देवाचेच, असं मी उर्वशीला म्हटलं होतं. ती म्हणाली, "आत्या, हेच तं लिवून राहिली मी."

वर्षातून एकदा दोन्ही मठ पुलावर समोरासमोर येतात. लिहिलेल्या मंत्राला बोललेला मंत्र, उत्तराला उत्तर, आणि जो गप्प झाला तो हरला. तो आमचा पोळा होता, हे कन्हारदेशात कोणाला कळणार नव्हतं. आम्हाला कळलं.

तिच्या वर हर्षल नावाचा साहेब होता. तोही मराठीच, पुण्याचा. त्याला मुखमठ फार आवडला. म्हणाला, "मंत्र खऱ्या माणसाच्या आवाजात हवेत. मातीतला आवाज." उर्वशीनं बापाचं नाव सांगितलं.

रेकॉर्डिंग झालं ते कापसाच्या खोलीत. नुकताच वेचा झाला होता, कापूस छताला भिडलेला, आणि कापसात आवाज घुमत नाही. भाऊ धोतर नेसून, फेटा बांधून बसला, जसं काही फोनमधून तो दिसणारच होता. मी दारात उभी होते. त्यानं म्हटलं,

"आभाळाचा केला नांगर, विजेचा केला फाळ,
माह्या बैलाच्या खुराखाली थरथरते काळ!"

माझ्या अंगावर काटा आला. आणि तेवढ्यात कापसातून उंदीर निघाला आणि त्याच्या धोतरात शिरला. "अरे मेलो बापा, मेलो! मेलो!" माझा भाऊ उड्या मारतोय, उर्वशी हसून हसून कापसात लोळतेय, फोन चालूच. ते सगळं तसंच पुण्याला गेलं. नको ते काढून टाकतील, असं तिला वाटलं.

भाऊ पांढुर्ण्याच्या मंडीत संत्री घेऊन गेला की अडत्यापासून हमालापर्यंत सगळ्यांना सांगायचा, "माहा आवाज फोनात येऊन राहिला. मंत्रविद्येचा गुरू हावो मी." माणसाला इतकं खूश होताना पाहिलं की मला भीतीच वाटते. मी शनिवारी जामसावळीला मारुतीला नारळ फोडून आले.

पोळ्याच्या थोडं आधी तो खेळ आला, पुरा नाही, करून बघायला म्हणून काही लोकांना दिलेला. उर्वशीनं उघडला आणि दिवसभर जेवली नाही. मुखमठ होता. नदी होती. पण मुखमठाच्या लोकांना त्यांनी सुळे दिले होते, अंगावर बकऱ्याची कातडी आणि लाल डोळे. खेळणारा लेखनमठाचा विद्यार्थी, आणि त्याचं काम या राक्षसांना गप्प करणं. गप्प झाला की राक्षस पेट घेतो. सगळे गप्प झाले की मठ पेटतो आणि राख उडते. राक्षस मंत्र म्हणतो तो माझ्या भावाच्या आवाजात. आणि जळताना ओरडतो, "मेलो बापा, मेलो!" तेही त्याच्याच.

तिनं बापाला सांगितलं नाही. मलाही नाही. पोळ्यानंतर कंपनीशी बोलू म्हणाली असेल मनाशी.

पण आमच्या घरात मयूर होता. माझ्या भासऱ्यांचा, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या भावाचा, यशवंतरावांचा मुलगा. नागपुरात शिकतो. त्याला तो खेळ कुठून तरी मिळाला. पोळ्याच्या दिवशी तो खिशात छोटा स्पीकर घेऊन तोरणाखाली गेला.

माझा भाऊ उभा राहिला. छाती काढून म्हणाला, "आभाळाचा केला नांगर, विजेचा केला फाळ..." आणि वरच्या आळीतून त्याच्याच आवाजात उत्तर आलं. "मेलो बापा, मेलो! मेलो!"

आधी कोणाला कळलं नाही. मग पोट्टे हसले. मग म्हातारेही हसले. मयूरनं पुन्हा वाजवलं. माझा भाऊ इकडे बघतो, तिकडे बघतो, आपला आवाज कुठून येतोय ते शोधतो. मी धाब्यावरून पाहिलं ते मला मरेपर्यंत विसरता येणार नाही. तो पुढची ओळ विसरला नव्हता. त्यानं ओठ मिटले होते.

खालची आळी हरली. वरच्या आळीनं गुलाल उधळला. माझे भासरे त्या दिवशी जेवताना म्हणाले, "केशवची बोलती बंद केली आपल्या मयूरनं." पंगतीत मी वाढत होते. भासऱ्यांसमोर मी तोंड उघडत नाही, आमच्याकडची रीतच आहे. मी पुरणपोळीचं ताट तसंच उचलून आत नेलं. त्यांना वाटलं, तूप आणायला गेले. मी परत आलेच नाही. त्यांच्या पानात अर्धी पोळी होती, तेवढ्यावरच उठले.

दुसऱ्या दिवशी उर्वशी माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसली आणि तिथूनच, वरच्या आळीत रेंज येते म्हणून, हर्षलला फोन लावला. मला ऐकू यावं म्हणून मोठ्यानं ठेवला.

"माझ्या बाबांचा आवाज राक्षसाला का दिला?"

"उर्वशी, प्लेयरला क्लिअर शत्रू लागतो," तो म्हणाला. "दोघंही बरोबर, दोघंही चोर, असं चालत नाही. आणि तो आवाज कमाल आहे. लोक त्याच्यासाठी खेळतात."

"लोक हसायसाठी खेळतात."

"हसू दे की. हिट आहे."

"आणि मठ का जाळला? मी जाळा म्हणून कुठे लिहिलं?"

"तू लिहिलंस की, जो गप्प झाला तो हरला. हरला म्हणजे संपला. पुढे काहीच लिहिलं नाहीस तू."

उर्वशी म्हणाली, "हरलेला पुढच्या वर्षी पहिला बोलतो. तो बोलल्याशिवाय पूल उघडत नाही."

"हे कुठे आहे?"

"हे कोणी लिहितं का? सगळ्यांना माहीत असतं."

"सगळ्यांना म्हणजे कोणाला?" त्यानं विचारलं.

त्याचं बोलणं खोटं नव्हतं, म्हणूनच मला जास्त राग आला. आपल्या गावात जे रांगत्या पोरालाही माहीत, ते तिला लिहावंसं वाटलंच नाही. पाणी प्यायला तोंड उघडा, असं कोण लिहून देतं? पण न लिहिलेलं तिकडे नसतंच, तिकडे सगळा लेखनमठ बसला आहे.

"मग आता घाला," ती म्हणाली. "एक ओळ आहे."

"हरलेला परत उठला तर प्लेयरला जिंकल्यासारखं वाटणार नाही."

मी पोळपाट आपटला. तो तिकडे म्हणाला, "काय झालं?" उर्वशी म्हणाली, "काही नाही, आत्या आहे. ती पण मुखमठाचीच."

त्यानंतर वर्षभर ही पोरगी भांडली. आवाज आमचा झाला, असं कंपनी म्हणे. ही म्हणे, आवाज माझ्या बापाच्या गळ्यातला, तुम्ही तो विकत घेतला तर बाप काय मुका झाला? मुखमठाच्या पुढच्या मंत्रांची उत्तरं तिच्याकडे होती. तिनं एक ओळ दिली नाही. त्यांनी दुसऱ्या कोणाकडून लिहून घेतली, भिकार. शेवटी तिनं नोकरी सोडली. आता सौंसरला एका क्लासमध्ये कॉम्प्युटर शिकवते आणि लोक म्हणतात, "पुण्याची नोकरी गेली का व तिची?" गेली नाही, लाथाडली. पुढच्या पोळ्याच्या आधी निरोप आला की नव्या खेळातून केशवरावांचा आवाज काढला आहे, दुसऱ्या माणसाचा टाकला. आग तशीच ठेवली. सुळेही.

पण ज्यांच्याकडे जुना होता, त्यांच्या फोनात माझा भाऊ मरतच राहिला. गावातली पोट्टी त्याला पाहिलं की मागून "मेलो बापा" करायची. तो मंडीत जाईनासा झाला, संत्री दुसऱ्याच्या गाडीतून पाठवायचा. घरातही कामापुरतं बोलायचा. मी एकदा म्हटलं, "दादा, यंदा पहिली झडती तुमची हाये." तो म्हणाला, "मेलेला मानूस झडती म्हनते का?"

पोळा आला. बैल धुतले, शिंगं रंगवली, झुली चढल्या. सगळे तोरणाखाली उभे. डफ वाजला. आणि खालच्या आळीतून कोणी पुढे होईना. गावचे पाटील उत्तमराव म्हणाले, दुसरा कोणी म्हणा. खालच्या आळीतली माणसं म्हणाली, हरला तो केशव, पहिली त्याचीच. आम्ही म्हटली तर महादेव कोपेल. तोरण कोण तोडणार? कोणी हात लावेना. बैल शेपट्या हलवत उभे. एकानं पाटलांच्या नव्या धोतरावर शेण टाकलं. बाया घरोघरी ताटं घेऊन बैलांची वाट बघत दारात ताटकळल्या, पुरणपोळ्या निवल्या. आणि मला, खरं सांगते, खूप बरं वाटलं. उभे राहा म्हटलं. जिंकलात ना? मग उभे राहा.

आधी डफवाला गेला भावाच्या दारी. परत आला. मग पाटील. परत आले. शेवटी माझे भासरे निघाले, मागे मयूर, मागे अर्धी आळी. मीही धाब्यावरून उतरून गेले, डोक्यावर पदर घेऊन, सगळ्यांच्या मागे.

दारात उर्वशी उभी होती. दोन्ही हात चौकटीला.

"केशव कुठी हाये?" भासऱ्यांनी विचारलं.

"मेले," ती म्हणाली. "तुमच्या मयूरच्या फोनात. आयकलं नाई का, काका?"

"पोट्टी, बैल उभे हायेत. उनात तापून राहिले."

"बाबा वर्षभर तापले. तवा कोनी आलं नाई."

"लेकराचा खेळ होता तो."

"लेकरू? त्याले मिशा हायेत!"

मागून कोणी तरी फिस्सकन हसलं. भासरे लाल झाले. मयूरला म्हणाले, "काढ तो फोन. पुसून टाक ते, आत्ताच्या आत्ता, हिच्यासमोर." मयूरनं फोन काढला. मान खाली.

भासऱ्यांनी मग इकडे तिकडे बघितलं आणि त्यांची नजर माझ्यावर आली. मी बोलेन असं त्यांना वाटलं नसावं. मलाही वाटलं नव्हतं. मी म्हटलं, "पुसून काय होते, भाऊजी? तुमाले त्याच्यासमोर बोला लागते. मुखानं."

यशवंतराव दारातून आत, अंधारात बघत म्हणाले, "केशव. चुकलं आमचं. पहिली तुही हाये. तुह्याशिवाय तोरन तुटत नाई. चाल."

उर्वशीनं चौकट सोडली नाही. मग आत पाट सरकल्याचा आवाज झाला आणि माझा भाऊ बाहेर आला. फेटा बांधलेला होता. म्हणजे सकाळपासून बांधून बसला असणार.

मयूरच्या हातातल्या फोनाकडे बघून म्हणाला, "राहू दे बापा, पुसू नको. घरी उंदीर निघाला तं वाजव."

तोरणाखाली गेल्यावर त्यानं एकदा बैलाच्या पाठीवरून हात फिरवला आणि आवाज लावला. वर्षभर न वापरलेला आवाज, आधी खरखरला.

"फोनामंदी मेलो मी, पोट्टे म्हनते जितलो!
राख झाडून धोतराची, मी तं इथंच बसलो!
मेलेल्याच्या तोंडापायी अडले साऱ्यायचे बैल,
सांगा जितलेल्याहो, कासरा कोन करीन सैल?"

"हर बोला हर हर महादेव!" दोन्ही आळ्या ओरडल्या. त्यात मयूरही होता, मी बघितलं. उर्वशी तोरणापाशीच उभी होती, बाया जिथे जात नाहीत तिथे, आणि कोणी तिला जा म्हटलं नाही. मग तोरण तुटलं, आणि सगळ्या झडत्या होऊन बैल घरी गेले तेव्हा दिवे लागले होते.

उत्तर वरच्या आळीनं दिलं. बरं दिलं, खोटं कशाला बोलू. मग इकडून, मग तिकडून. पुष्कळ झाल्यावर माझा भाऊ एका झडतीला थांबला, डोकं खाजवलं, आणि हसून हात वर केला. हरला. खरंच सुचलं नाही की सुचून गिळलं, ते त्यानं मला आजवर सांगितलं नाही.

त्या कंपनीला मी माफ केलेलं नाही. तिकडे मुखमठ अजून जळतो, आणि ज्यांना पुढचा नियम माहीत नाही अशी पोरं तो जाळून जिंकलो म्हणत झोपतात. उर्वशीनं आता धुऱ्यावरच्या खाटेवर दुसरा खेळ लिहायला घेतला आहे, या वेळी पहिलं वाक्यच तो नियम. होईल तेव्हा होईल.

भाऊ मात्र मंडीत पुन्हा जातो. परवा अडत्याला सांगत होता, "पुढच्या पोळ्याले पहिली झडती माहीच हाये. हरलो ना मी."